जहाजावर कोकेन सापडलं तर साध्या कॅडेटचं काय होतं? आणि एवढं पकडूनही हा माल आटत का नाही?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी आहे. पुढच्या महिन्यात पहिलं जहाज जॉइन करतोय. कंटेनर जहाज आहे, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पनामा कालव्यातून उत्तर युरोपला जाणारं. तो आनंदात आहे, आणि असायलाच हवा. मी मात्र जहाजाचा मार्ग कळल्यापासून रोज रात्री काहीतरी वाचत बसते. केळ्यांच्या कंटेनरमध्ये कोकेन, जहाजाच्या तळाशी लपवलेलं कोकेन, चौकशीच्या नावाखाली महिनोन्‌महिने परदेशात अडकलेले खलाशी. जेवढं वाचते तेवढी झोप उडते.

त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, आमचा आतल्या मालाशी काही संबंध नसतो. सीलबंद चढतो, सीलबंद उतरतो." अरे, मग त्या अडकलेल्या खलाशांचा तरी कुठे होता?

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जहाजावर असा माल सापडला तर ज्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही त्या पोराचं नेमकं काय होतं? आणि दुसरं, २०२३ साली बेल्जियमच्या एकट्या अँटवर्प बंदरात ११६ टन कोकेन पकडलं गेलं. एका वर्षात, एका बंदरात. एवढा माल हातचा गेला तर कुठलाही धंदा बसेल. हा का बसत नाही?

कुणी प्रत्यक्ष त्या मार्गावर काम केलं असेल तर कृपया लिहा. बातम्या मी पुष्कळ वाचल्यात, आता माणसाकडून ऐकायचंय.

नांगर

सव्वीस वर्षं समुद्रावर काढली, शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून, आणि त्यातली बरीचशी तुमच्या भावाच्याच मार्गावर. म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. कंटेनरच्या आत काय आहे ते आम्ही बघत नाही, उघडायचा अधिकारही आम्हाला नसतो. पण सील बघणं आमचं काम आहे, आणि त्या सीलपाशीच सगळा खेळ होतो.

मी सेकंड ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट. बंदराचं नाव लिहीत नाही. पहाटे चारला सुटायचं होतं. लोडिंग संपलेलं, क्रेनचे हात वर गेलेले, आणि मी टॉर्च घेऊन डेकवरच्या रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरांची शेवटची फेरी मारत होतो. कंटेनरच्या दाराला उभे दांडे असतात, दांड्याला आडवी मूठ, आणि मूठ जिथे अडकते तिथे सील. त्या कंटेनरचं सील शाबूत होतं. नंबर यादीशी जुळत होता. मी पुढे गेलोसुद्धा. काय वाटलं कोण जाणे, परत फिरलो आणि टॉर्च जरा तिरका धरला. मुठीचा रिव्हेट चकाकत होता. बोट लावलं तर हातमोज्यावर निळा रंग आला.

सात-आठ वर्षं खारं वारं खाल्लेलं, जागोजागी गंज चढलेलं दार, आणि त्यातल्या एकाच रिव्हेटला ओला रंग. सीलला हातही न लावता रिव्हेट काढून मूठ सोडवली होती आणि नवा रिव्हेट ठोकून वर रंग फासला होता.

कप्तानाला उठवलं. त्याने एका मिनिटात ठरवलं, आपण सुटत नाही. एजंट आला, पोलीस आले, दार उघडलं. आत केळ्यांच्या खोक्यांची भिंत, आणि भिंत आणि दार यांच्या मधल्या वीतभर जागेत चार काळ्या बॅगा कोंबलेल्या. खेळाडू खांद्याला अडकवतात तसल्या. केळी पाठवणाऱ्याला पत्ता नाही, केळी मागवणाऱ्याला पत्ता नाही. पलीकडच्या बंदरात कुणीतरी गोदीत घुसून दार उघडणार, बॅगा उचलणार, आणि बरोबर नेलेलं हुबेहूब त्याच नंबरचं खोटं सील लावून निघून जाणार. केळी आपल्या वाटेनं बाजारात. ही पद्धत युरोपातल्या मोठ्या बंदरांना वर्षानुवर्षं छळतेय.

केळीच का, तर नाशवंत माल आहे. कस्टम्सला तो कंटेनर आठवडाभर उन्हात अडवून ठेवता येत नाही. शिवाय दर आठवड्याला शेकड्यांनी तेच कंटेनर, त्याच वाटेनं जातात. इक्वेडोर जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करतो, आणि कोलंबिया आणि पेरू या दोन्ही कोकावाल्या (कोका म्हणजे ज्या झाडापासून कोकेन काढतात ते) देशांच्या मधोमध बसलाय. तिथल्या ग्वायाकिल बंदरावर ही पाळी आली ती यामुळे.

आता तुमचा पहिला प्रश्न. माल आम्ही शोधला, आम्ही कळवला, तरी जहाज पाच दिवस अडकलं. बावीस जणांचे पासपोर्ट जमा. प्रत्येकाला वेगळं बसवून तेच तेच प्रश्न, दुभाषा अर्धं गाळतोय. त्या रात्री गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, आमचा एक एबी (अनुभवी खलाशी) पहाऱ्यावर होता. साधा, मितभाषी माणूस, जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव नेमानं रजिस्टरमध्ये लिहिणारा. त्याला ते घेऊन गेले. का, तर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना त्यानंच सोडलं होतं. पुढे यार्डातल्या कॅमेऱ्यात दिसलं की कंटेनर जहाजावर चढायच्या आधीच, जमिनीवर असतानाच ते काम झालं होतं. पण ते दिसायला, ते मान्य व्हायला आणि कागद फिरायला अकरा आठवडे गेले. अकरा आठवडे तो कोठडीत होता. आरोप ठेवलाच नाही, एक दिवस सोडून दिलं, बस्स. तो पुन्हा जहाजावर चढला नाही. मी त्याला दर वर्षी फोन करतो. त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

माझ्याबाबतीत मात्र डेक लॉगमधली एक ओळ कामी आली. तीन वाजून दहा मिनिटं, अमुक बे, अमुक रो, रिव्हेटवर ओला रंग, कप्तानाला कळवलं. वेळेसकट.

खलाशी नेहमीच निर्दोष असतात असं मी म्हणणार नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका कंटेनर जहाजावर जवळपास १८ टन कोकेन सापडलं. रात्रीच्या अंधारात वेगवान बोटी जहाजाशेजारी आल्या, जहाजाच्याच क्रेननं गठ्ठे वर ओढले, आणि हे करणारे त्याच जहाजाचे लोक होते. त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. त्यानंतर प्रत्येक बंदरात आमच्याकडे बघायची नजर बदलली, आणि ते चुकीचं आहे असंही मला म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न, धंदा बसत का नाही. बॅगा पाठवणाऱ्यांच्या नजरेनं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात ३,७०० टनांहून जास्त कोकेन तयार होण्याइतका कोका पिकला. कोलंबियात त्या वर्षी कोकाखाली २,५३,००० हेक्टर जमीन होती. त्यातून किती कोकेन निघतं याच्या हिशोबाच्या पद्धतीवर खुद्द कोलंबिया सरकारनं हरकत घेतली, पण हिशोब कसाही मांडा, अँटवर्पचे ११६ टन त्यापुढे किती उरतात ते बघा. आणि ते टन त्यांना पडतात कितीला? युरोपात जो घाऊक भाव मिळतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा कोलंबियात मोजावा लागतो. किमतीतला बाकी सगळा भाग सीमा ओलांडण्याचा आहे. माल पाण्यात असताना गेला तर स्वस्तातला माल गेला. पाचातल्या दोन खेपा बुडाल्या तरी उरलेल्या तीन सगळं भरून काढतात. तसं गणित बांधूनच ते पाठवतात.

त्यात जगात फिरणाऱ्या कंटेनरांपैकी शंभरातले दोनसुद्धा उघडून तपासले जात नाहीत. सगळे उघडायचे म्हटलं तर व्यापारच थांबेल.

आणि एका जागी दाबलं की दुसरीकडे फुगतं. कोलंबियाचा कोकेनवाला टोळीप्रमुख पाब्लो एस्कोबार २ डिसेंबर १९९३ ला मेडेलिनमध्ये मारला गेला, १९९५ मध्ये तिथल्याच काली शहरातल्या टोळीचे म्होरके पकडले, तोवर अमेरिकेकडचा रस्ता मेक्सिकोच्या टोळ्यांच्या हातात जायला लागला होता. २०१६ मध्ये कोलंबिया सरकार आणि फार्क या बंडखोर संघटनेचा शांतता करार झाला. फार्कनं मोकळ्या केलेल्या मुलखात बारक्या टोळ्या शिरल्या आणि माल शेजारच्या इक्वेडोरमधून वाहू लागला. मी पहिल्यांदा ग्वायाकिलला गेलो तेव्हा कॅडेट लोक संध्याकाळी बिनधास्त फिरून यायचे. शेवटच्या फेरीला किनाऱ्यावर उतरायची परवानगीच नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फर्नांदो विलाव्हिसेन्सिओ यांना प्रचारसभेतून बाहेर पडताना गोळ्या घातल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये बंदूकधारी टीव्हीच्या स्टुडिओत घुसले, कार्यक्रम चालू असताना. देश तोच, माणसं तीच. रस्ता त्यांच्या दारातून गेला एवढंच.

अँटवर्पचंही पुढे काय झालं बघा. २०२४ मध्ये तिथली जप्ती निम्म्याच्याही खाली आली. माल कमी झाला म्हणून नाही. काही लहान बंदरांकडे वळला, काही भर समुद्रात जहाजावरून पाण्यात टाकून बारक्या बोटींनी उचलायला लागले.

परीक्षानळी

नांगर, तुमचा एबी डोक्यातून जात नाही.

मी जहाजावरची नाही, रसायनांच्या निर्यातीच्या कागदपत्रांवर बसते. पाऊलखुणा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला एक बाजू माझ्याही टेबलावरून दिसते. कोकेनला निदान झाड लागतं, हेरॉइनला शेत लागतं. वरून फोटो काढता येतो, हेक्टर मोजता येतात. मेथॅम्फेटामिन किंवा फेंटानिल यांसारख्या कारखान्यात बनणाऱ्या नशेच्या द्रव्यांना रसायनं लागतात, आणि ती रसायनं औषधात, रंगात, प्लास्टिकात, अत्तरात, शंभर चांगल्या कामांतही लागतात. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या व्हिएन्ना करारात अशा रसायनांच्या दोन याद्या आहेत. हेरॉइनसाठी लागणारं अॅसिटिक अॅनहायड्राइड त्यात आहे, कोकेनसाठी वापरतात ते पोटॅशियम परमँगनेटही आहे. यादीतला माल पाठवायचा तर समोरच्या देशाला आधी सूचना द्यावी लागते. पद्धत चांगली आहे, माझ्यासमोर तिनं काही खेपा थांबवल्यात.

अडचण अशी की यादी नेहमी एक पाऊल मागे असते. फेंटानिलची दोन मुख्य कच्ची रसायनं २०१७ मध्ये यादीत आली, चीननं २०१९ मध्ये फेंटानिलसारखी सगळीच द्रव्यं एका फटक्यात नियंत्रणाखाली आणली. मग माल बनवणारे त्याच्या एक पायरी आधीच्या रसायनांकडे गेले. २०२२ मध्ये त्यातली आणखी तीन यादीत घेतली. तोवर पुढची शोधलेली असतात.

मला एकदा एका नव्या ग्राहकाचं पत्र आलं होतं. ऑर्डर एका देशातून, पैसे दुसऱ्या देशातून, माल तिसऱ्या देशात उतरवायचा. प्रमाण लहान, भाव न विचारताच कबूल. शेवटी एक ओळ, "पिंपावर रसायनाचं नाव नको, फक्त 'सफाईचं द्रावण' असं लिहावं." बाकी सगळं सभ्य, अगदी आभारासकट. मी अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागितलं. दुसऱ्या दिवशी तो पत्ताच बंद झाला. मी वर कळवलं आणि ते पत्र छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं, नव्या मुलांना दाखवायला. पण आम्ही नाही म्हटल्यावर कुणी हो म्हटलं असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही.

फेंटानिल हेरॉइनच्या साधारण ५० पट जोरदार. दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावतील एवढे कण, माणूस मारू शकतात. मग कंटेनर कशाला हवा? पाकिटातून जातं. अमेरिकेत २०२१ पासून सलग तीन वर्षं दर वर्षी एक लाखाच्या वर माणसं नशेच्या अतिमात्रेनं गेली, बहुतेक फेंटानिलसारख्या द्रव्यांनी. २०२४ मध्ये तो आकडा ८०,००० च्या आसपास उतरला. उतरला हे चांगलंच, पण ऐंशी हजार घरं आहेत ती.

उंबरठा

सगळं वाचलं. पण मला एक कळत नाही. आपण मधल्या रस्त्याबद्दलच का बोलतोय? मुळावर घाव घाला ना. पीकच घेऊ दिलं नाही तर जहाजात भरणार काय? तालिबाननं अफूवर बंदी घातली आणि पीक जवळजवळ संपलं, हे तर जगानं पाहिलं. इच्छाशक्ती असली की होतं.

नांगर

उंबरठा, बंदी खरी आहे आणि तिचा परिणामही खरा आहे. एप्रिल २०२२ मध्ये फर्मान निघालं. त्या वर्षी अफगाणिस्तानात २,३३,००० हेक्टरवर अफू होती, पुढच्या वर्षी १०,८०० हेक्टर राहिली. अफूचं उत्पादन ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर आलं. इतिहासात एवढी घसरण फार थोड्या वेळा झाली असेल. आणि ही पहिली वेळही नाही. तालिबानचा तेव्हाचा प्रमुख मुल्ला ओमर यानं २००० साली बंदी घातली होती तेव्हाही २००१ मध्ये पीक असंच झोपलं होतं. मग राजवट गेली आणि २०१७ पर्यंत ते ९,००० टनांवर पोचलं.

पण घाव मुळावर बसला का, ते शेतकऱ्याकडे जाऊन बघायला हवं. माझा एक शिपमेट पुढे नोकरी सोडून मदतसंस्थेच्या धान्याचं काम बघायला तिकडे गेला होता. त्यानं सांगितलेलं मला नीट आठवतं. गव्हाला रस्ता लागतो, गोदाम लागतं, बाजार लागतो. अफूचा गोळा पिशवीत बांधून कोनाड्यात ठेवला की वर्षं-दोन वर्षं नासत नाही. व्यापारी दारात येतो आणि पेरणीच्या आधीच उचल देतो. पोरीचं लग्न, आईचं औषध, सगळं त्या उचलीवर. घरात ठेवलेला गोळा ही त्यांची बँक. बंदी आल्यावर भाव अनेक पटींनी चढले. ज्या बड्यांकडे साठा होता ते आणखी मोठे झाले, आणि ज्यानं उचल आधीच खाऊन टाकली होती तो शेतकरी कर्जात बुडाला. मे २०२४ मध्ये बदख्शान प्रांतात पीक तुडवायला आलेल्यांपुढे गावकरी उभे राहिले, त्यात माणसं मेली.

आणि माल? २०२३ मध्ये म्यानमार १,०८० टनांसह जगातला पहिल्या क्रमांकाचा अफू उत्पादक झाला. तिथे शान राज्याच्या डोंगरात अफू पिढ्यान्‌पिढ्या आहे, २०२१ च्या लष्करी उठावानंतर शेती मोडली, कामधंदे गेले, आणि लोक परत त्याच पिकाकडे वळले. त्याच डोंगरांत आता मेथॅम्फेटामिनचे कारखाने आहेत, त्यांना ना पाऊस लागतो ना हंगाम. म्हणून मुळावर घाव म्हणताना मूळ कुठलं ते आधी ठरवू. मला तरी ते शेतात दिसत नाही. त्या शेतकऱ्याचा आणि माझ्या एबीचा वाटा सगळ्यात छोटा, आणि हात पडतो तो पहिला त्यांच्यावरच. मधे बसलेले, पैसे फिरवणारे, गोदीतला कंटेनर सोडायचा गुप्त आकडा (पिन) विकत घेणारे, त्यांच्यापर्यंत हात पोचायला वर्षं लागतात. पोचतो तेव्हा मात्र खरा परिणाम दिसतो. मार्च २०२१ मध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी स्काय ईसीसी नावाची टोळ्यांची गुप्त संदेशसेवा फोडली आणि त्यातून निघालेले खटले पुढे कित्येक वर्षं चालले. एक संदेशसेवा फुटल्यानं जे घडलं ते हजार कंटेनर उघडून घडलं नसतं, असं मला वाटतं.

रॉटरडॅमच्या गोदीत कंटेनरमधून माल काढायला कोण जातं माहीत आहे? सोळा-सतरा वर्षांची पोरं. तिथे त्यांना नावच पडलंय, 'आउटहालर', म्हणजे बाहेर काढणारे. दिवस-दिवस रिकाम्या कंटेनरात दबा धरून बसतात, झोपायच्या पिशव्या आणि खाणं घेऊन. तुमच्या भावापेक्षाही लहान, पाऊलखुणा.

अफगाण मालाच्याही वाटेवर मी होतो. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून लाकडी जहाजं निघतात आणि भर समुद्रात माल बदली करतात. कंटेनरातूनही येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून जवळपास तीन टन हेरॉइन निघालं. कागदावर टाल्कचे दगड, अफगाणिस्तानातून निघून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले. तेही कुठल्या तरी जहाजानंच आणले, आणि त्या जहाजावरही रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन फेरी मारत असणार.

पाऊलखुणा

नांगर काका, परीक्षानळी, मनापासून आभार. एबीची गोष्ट मी भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. आधी हसत होता, रिव्हेटपाशी गप्प झाला. मग म्हणाला, "त्यांना विचार, मी नक्की काय करायचं?" मीही तेच विचारते. आणि काका, एक मनातलं. तुम्ही कळवलं म्हणूनच जहाज अडकलं. न बघितल्यासारखं करून सुटला असतात तर तुमचा एबी घरी असता. असं वाटलं नाही कधी?

नांगर

वाटलं. त्या अकरा आठवड्यांत रोज वाटलं. पण पलीकडच्या बंदरात त्या बॅगा आमच्याच जहाजावर सापडल्या असत्या तर यार्डातला कॅमेरा मागे राहिला असता, लॉगमध्ये ओळ नसती, आणि कोठडीत एकटा तो नसता. शिवाय दारामागे काय आहे ते कळल्यावर ते घेऊन समुद्र ओलांडणं मला जमलं नसतं. याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

भावाला सांगा.

काही दिसलं तर हात लावायचा नाही. बॅग, दोरी, डेकवर पडलेलं तुटकं सील, काहीही. जागेवरून हलायचं नाही, वॉकीटॉकीवर ड्यूटी ऑफिसरला बोलवायचं, वेळ हातावर लिहायची. कॅडेटनं हिरोगिरी करायची नाही. ते काम करणारी माणसं त्याच वेळी जहाजावर असू शकतात.

किनाऱ्यावर कुणाचंही पाकीट, औषध, भेटवस्तू "पुढच्या बंदरात देशील का" म्हणून घ्यायची नाही. जहाजावरच्या सिनियरनं सांगितलं तरी नाही. हे बोलायला सोपं आहे, पहिल्या जहाजावर पाळायला फार अवघड जातं, म्हणून घरून निघतानाच ठरवून निघू दे.

बंदर सोडायच्या आधीची झडती मनापासून करायची. दोर ठेवायची खोली, लाइफबोट, रंगाचं कपाट, इंजिनाच्या चिमणीचा कप्पा, स्टीअरिंगची खोली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्यासाठी जहाजाच्या बुडाला जाळी लावलेला कप्पा असतो, सी चेस्ट. पाणबुडे खालून येऊन त्यात गठ्ठे अडकवतात. म्हणून त्या बंदरांत सुटण्याआधी आपले पाणबुडे उतरवून तळ बघतात. रात्री जहाजाच्या कडेला पाण्यात बुडबुडे दिसले, जवळ बिनदिव्याची होडी दिसली, तर लगेच कळवायचं. चूक निघाली तर निघू दे, कुणी हसलं तर हसू दे.

आणि अडकलाच तर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, हे पहिलं वाक्य. वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानं परदेशात पकडलेल्या माणसाला तो हक्क दिलाय. जी भाषा वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही. कप्तानाकडे जहाजाच्या विमा क्लबच्या स्थानिक प्रतिनिधीचा नंबर असतो, तो वकील मिळवून देतो. तो नंबर भावानं पहिल्याच आठवड्यात आपल्या वहीत उतरवून घ्यावा, फोन जप्त होतो. खलाशांना अशा वेळी कसं वागवावं याची मार्गदर्शक तत्त्वं आता आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून केलीत, २०२५ मध्ये मंजूर झाली. माझ्या एबीच्या वेळी ती नव्हती. प्रत्येक देश ती पाळेल तेव्हा खरं, तरी ती छापून जवळ असू दे.

घाबरवून पाठवू नका त्याला. त्या मार्गावर मी शेकडो कॅडेट पाहिले, त्यातल्या फार थोड्यांवर असली वेळ आली. समुद्र सुंदर आहे तिकडचा. पनामा कालव्यातून पहिल्यांदा जाताना तो तुम्हाला फोन करेल बघा.

एक चांगला टॉर्च घेऊन द्या. हातात धरायचा, डोक्याला बांधायचा नको. डोक्यावरचा प्रकाश सरळ पडतो, आणि रंग ओला आहे की सुका ते तिरक्या उजेडातच दिसतं.